टाकी माझी, टोपी त्यांची

मी, खाली सही करणारी, ऑपरेशन थिएटरमधली निवृत्त सिस्टर, वय झालेलं पण अक्कल शाबूत, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल कोणी शंका घेऊ नये. माणूस शुद्धीवर आहे की नाही हे ओळखण्यातच माझी सगळी नोकरी गेली. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव बत्तीच्या टाकीत असावा, म्हातारीच्या डोक्यावर असू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण यापूर्वी मरायला सवड नव्हती.

ओळी तिरक्या गेल्या आहेत, त्या माझ्याच आहेत. कारण कलम तीनमध्ये सापडेल.

कलम १. राहतं घर माझ्यामागे मुलाचं. हे घर ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, टायपिंगचे वर्ग घेऊन घेऊन उभं केलं. मी ते पुसून पुसून टिकवलं. मुलाने ते रंगवावं, वाढवावं, वाटलं तर विकावं, माझी हरकत नाही. फक्त विकताना "आईने इथे भंगार साठवलं होतं" असं गिऱ्हाइकाला सांगू नये. भाव पडेल. स्वयंपाकघर मुलाला जात नाही. ते सूनबाई आली त्या दिवसापासून तिचंच आहे, मी तिथे पाहुणी म्हणून चहा पिते. तिने आजवर एकदाही मला "तुम्ही बसा" असं तोडून म्हटलेलं नाही, नेहमी "बसा ना जरा" असं म्हटलं. "ना जरा" या दोन शब्दांसाठी मी तिची ऋणी आहे.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते मुलाने आणि सुनेने निम्मं निम्मं घ्यावं. बांगड्या सुनेच्या. तिने त्या मोडाव्यात की घालाव्यात यात कोणी नाक खुपसू नये. माझी शिवणाची मोठी कात्री धाकट्या जाऊबाई "दोन दिवसांत आणून देते" म्हणून घेऊन गेल्या, त्याला आता काळ लोटला. ती कात्री मी त्यांना कायमची देत आहे. म्हणजे मी भेटायला गेले की ती गादीखाली सरकवण्याचे त्यांचे कष्ट वाचतील.

कलम ३. माझे डोळे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे की मधलं दिसणं हळूहळू जाईल, कडेचं राहील. जायला सुरुवात झालीच आहे. माणसाकडे समोरून बघितलं की चेहऱ्याच्या जागी धुकं येतं, पण कान आणि केस नीट दिसतात. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मुलाला सांगितलं असतं तर त्याने मला दुसऱ्या, मग तिसऱ्या डॉक्टरकडे नेलं असतं आणि वाटेत भांडला असता. त्याचं प्रेम असंच आहे, भांडून दाखवतो. त्याने माझ्यावर रागावू नये. माझ्यामागे नेत्रदान करावं. मी विचारून घेतलं आहे. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुमची पुढची काच उत्तम आहे, बिघाड मागे आहे. काच दुसऱ्याला बसेल." काच चांगली आणि बिघाड आत, असं मी बत्त्यांच्या बाबतीत इतक्यांदा बोलले आहे की मला हसूच आलं.

कलम ४. मधल्या खोलीतल्या गॅसबत्त्या.

प्रथम हे एकदाचं स्पष्ट करते की हा संग्रह माझा आहे. यजमानांचा नव्हे. जो पाहुणा आला तो ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "वा, छंद छान जोपासलात!" हे दर वेळी सांगायचे, "छंद त्यांचा. मी फक्त काडेपेटी शोधून देतो." आणि खरोखरच शोधून द्यायचे. बायको पगारातून जुन्या बत्त्या आणते, घरभर रॉकेलचा वास करते, आणि नवरा मुकाट्याने काडेपेटी शोधतो, असं भाग्य किती जणींना लाभतं? ते होते तोवर मी हे त्यांना बोलून दाखवलं नाही असं नाही. दाखवलं. तरी पुन्हा लिहून ठेवते.

पहिली बत्ती आमच्या थिएटरची. भर दुपारी वीज गेली. बाई टेबलावर, पोट उघडलेलं, थिएटरला खिडकी नाही. भूल पाठीच्या कण्यातून दिलेली होती हे नशीब. वायूची भूल असती तर पेटती बत्ती आत आणायची सोय नव्हती, सगळेच वर गेलो असतो. सर्जन ओरडले, "सिस्टर, उजेड!" मी वॉर्डातली गॅसबत्ती पेटवून आणली आणि स्टुलावर चढून डोक्यावर धरून उभी राहिले. हात भरून आले, कानाशी बत्ती सूं सूं करत होती. मग त्या आवाजावर ताण करणारा दुसरा आवाज आला. ते बाळ म्हणजे आमच्या आजच्या वकीलबाई. जन्मल्याबरोबर जी ओरडायला लागली ती अजून कोर्टात ओरडतेच आहे. हे मृत्युपत्र कायद्यात बसतं की नाही ते तीच बघते आहे, आणि मला "मावशी, असं लिहीत नाहीत" म्हणून दटावते आहे.

पुढे हॉस्पिटलात जनरेटर आला आणि स्टोअरकीपरने ती बत्ती भंगाराच्या ढिगावर फेकली. फेकली! एका जिवाला उजेड दाखवलेली वस्तू, तिची काच फुटेल अशी फेकली. मी ती उचलून घरी आणली. स्टोअरकीपरवरचा राग मी कोणाच्याही नावे करत नाही, तो मी सोबत घेऊन जाणार आहे.

मग आमच्या सिस्टरा नोकरीसाठी देशोदेशी पांगल्या. लोक परदेशातून अत्तरं आणि चॉकलेटं आणतात, या बायका माझ्यासाठी बत्त्या आणायच्या. जर्मन बत्ती आली ती लष्करी, टाकीला पोचा पडलेली. जपानी आली ती इतकी इवली की सुनेला वाटलं खेळण्यातली आहे. एकीने अमेरिकन बत्तीची काच सबंध विमानप्रवास मांडीवर धरली, जेवणाचा ट्रेसुद्धा उघडला नाही. एकीला विमानतळावर विचारलं, "हे काय आहे?" तर म्हणाली, "आमच्या थोरल्या सिस्टरचं खूळ आहे." सोडलं तिला. खूळ कोणत्याही देशात कळतं. या सगळ्यांचे उपकार फेडायची माझी ऐपत नाही, आणि फेडून मोकळं व्हायची इच्छाही नाही.

जिने जी बत्ती आणली तिला ती परत न्यायचा पहिला हक्क. उरतील त्या नर्सिंगच्या शाळेला द्याव्यात. अट एकच, काचेच्या कपाटात कोंडू नयेत. बत्ती नुसती ठेवली की पंपातला चामड्याचा वॉशर सुकून कडक होतो, मग कितीही पंप मारा, हवा धरत नाही. अधूनमधून थेंबभर तेल द्यावं, विचारपूस करावी, पेटवावी. हे वाचून नोकरीसाठी परगावी राहणाऱ्या मुलाने स्वतःच्या फोनबद्दल काही अर्थ काढू नये. मी वॉशरबद्दलच बोलते आहे.

कलम ५. पितळी टाकी, बसक्या पोटाची, वरचा भाग नसलेली.

ही टाकी वरच्या कलमात धरू नये. तिची गोष्ट वेगळी आहे.

हॉस्पिटलच्या फाटकाशी घड्याळजींचं दुकान. नाडी मोजायचं माझं घड्याळ नेहमी त्यांच्याकडे दुरुस्तीला, म्हणून ओळख. बत्त्यांचं वेड त्यांनाही आहे हे मला जुन्या बाजारात कळलं. मी एका ढिगातून ही टाकी उपसून काढली, पैसे दिले, आणि विकणारा म्हणाला, "बाई, याच्याच वरचा भाग त्या साहेबांनी आत्ताच घेतला." पलीकडे घड्याळजी उभे. हातात बर्नर, सांगाडा, काच आणि वरची टोपी. स्वीडिश जहाजावरची बत्ती, बघायलाही मिळत नाही अशी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही आपापली वस्तू पोटाशी धरली.

"टाकी देता का, सिस्टर?"

"छे! टोपी द्या तुम्ही."

"नाव नको."

त्या दिवसापासून दर रविवारी घड्याळजी आमच्याकडे येतात. संग्रहातली एक बत्ती उतरवायची, साफ करायची, पेटवायची, चहा. जाताना चपला घालता घालता दारात विचारायचं, "टाकी देता का?" मी म्हणायचं, "नाही. टोपी देता का?" त्यांनी म्हणायचं, "नाही." आणि जायचं. हे हसून म्हणायचे, "तुम्हा दोघांच्या हट्टापायी ती बत्ती बिनलग्नाची राहणार."

हे गेले तेव्हा घर माणसांनी भरलं. सगळे हळू आवाजात बोलायचे, मला काहीही विचारायचे नाहीत, आधीच ठरवून टाकायचे. ताई झोपेल, ताईला दूध द्या, ताईला त्रास देऊ नका. आपण आहोत की नाही असं मला वाटायला लागलं होतं. रविवारी घड्याळजी आले. सांत्वनाचा एक शब्द बोलले नाहीत. चहा घेतला, चपला घातल्या आणि दारात विचारलं, "टाकी देता का?" लोकांनी तोंडात बोटं घातली. मी रडत रडत "नाही" म्हटलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.

म्हणून ही टाकी माझ्यामागे घड्याळजींना द्यावी. ती बत्ती पेटलेली बघायची मला फार इच्छा आहे. डोळे आहेत तोवर बघावी असं रोज वाटतं. पण मागायला गेले तर हरले. मेलेल्या माणसाला कोणी हरलं म्हणत नाही, म्हणून मेल्यावर देते.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र पूर्ण झालं, असं मी इथे लिहिलं होतं. ते खोडलं आहे. खाडाखोड माझीच आहे आणि शेजारी माझी सही आहे.

झालं असं. रविवारी सह्या करायला दोन साक्षीदार बोलावले, घड्याळजी आणि आमच्या हॉस्पिटलचे कंपाउंडर. वकीलबाई म्हणाली, "साक्षीदारांनी मजकूर वाचायची गरज नसते." घड्याळजी म्हणाले, "वाचल्याशिवाय मी घड्याळाच्या पावतीवरसुद्धा सही करत नाही." डोळ्याला भिंग लावलं आणि वाचायला बसले. जाऊबाईंच्या कात्रीला हसले. कलम तीनपाशी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं.

वकीलबाईने मधेच वाकून बघितलं. "अहो काका, तुम्हाला यात टाकी मिळते आहे! मग तुम्ही साक्षीदार नको. एक काहीतरी ठरवा, टाकी घ्या, नाहीतर सही करा."

घड्याळजी माझ्याकडे बघून म्हणाले, "डोळ्यांचं मला सांगितलं नाहीत, सिस्टर."

"सांगून काय झालं असतं?"

"आणि मेल्यावर टाकी घेऊन मी काय करू? रविवारी दारात उभा राहून विचारू कुणाला? भिंतीला?"

उठले, चपला घातल्या आणि गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दारात काही न विचारता गेले. मला एवढं वाईट वाटलं की सांगता सोय नाही. कंपाउंडर बिचारे चहाच्या कपात बघत बसले. मी वकीलबाईला म्हटलं, "कर बाई दुसरा कोणीतरी साक्षीदार." ती म्हणाली, "थांबा मावशी, त्यांची छत्री इथेच आहे."

घड्याळजी परत आले, पण छत्रीसाठी नव्हे. टॉवेलात गुंडाळलेली टोपी, सांगाडा, काच, सगळं घेऊन आले. टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "कोणी कोणाला काही देत नाही. फक्त पेटवायची."

मी कपाटातून टाकी काढली. जन्मात पहिल्यांदा आमच्या दोन वस्तू एका टेबलावर आल्या. घड्याळजींनी वरचा भाग टाकीच्या नळीवर ठेवला आणि फिरवला. बसेना. उलटा फिरवून पुन्हा घेतला. बसेना. भिंग लावून वाकले, आणि सरळ झाले तेव्हा तोंड उतरलेलं.

"सिस्टर, आटे वेगळे आहेत."

"म्हणजे?"

"टाकी स्वीडिश. वरचं पोर्तुगीज. ही एक बत्ती नाहीच. कधीच नव्हती."

आता हे वाचणाऱ्याला वाटेल, एवढ्या जाणत्या माणसांना आधी कळलं कसं नाही? कळणार कसं? बत्तीवेड्यांची जात अशी की आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात म्हणून द्यायची नाही. घेतली आणि परत केली नाही तर! एकदा, फक्त एकदा, एकमेकांवर ठेवून पाहिलं असतं तर त्याच आठवड्यात भांडण संपलं असतं. जुन्या बाजारातल्या त्या विकणाऱ्याने नुसतं एक वाक्य ठोकून दिलं आणि आम्ही त्यावर संसार केला.

कंपाउंडर म्हणाले, "म्हणजे टोपी त्याने दोघांनाही घातली की!" झालं. आधी मी हसले, मग वकीलबाई, मग घड्याळजी टेबलाचा काठ धरून असे हसायला लागले की सूनबाई हातातलं लाटणं घेऊन धावत आली, तिला वाटलं कोणाला तरी झटका आला.

हसून झाल्यावर मात्र घड्याळजी म्हणाले, "मग आता पुढच्या रविवारी विचारायचं काय?" त्यांनी खिशातून मापं काढली, माझी नळी मोजली, त्यांचा बर्नर मोजला, आणि सही न करताच गेले.

पुढचा मजकूर त्यानंतरच्या रविवारचा. वकीलबाई म्हणते, मृत्युपत्रात गोष्ट सांगत नाहीत. मी म्हटलं, मग दुसरीकडे कुठे सांगू?

घड्याळजी आले ते मुठीत काहीतरी धरून. उघडली तर पितळेचं छोटंसं कडं. दुकानातल्या लेथवर स्वतः कातलेलं, आतून एका देशाचे आटे, बाहेरून दुसऱ्या देशाचे. कपबशी धरताना त्यांचा हात थरथरतो, पण या कामात कुठे ओरखडा नाही. कडं मधे बसवलं आणि वरचा भाग फिरवला. बसला, गुमान बसला. सांध्याला साबणाचा फेस लावून पाहिला, एक बुडबुडा आला नाही.

मेंटल, म्हणजे उजेड देणारी जाळी, बांधलं, वाटीत स्पिरिट पेटवलं. पंप मारायची वेळ आली तर माझ्या दंडात जोर नाही आणि घड्याळजींना दम लागतो. दोन खुळे एकमेकांकडे बघत उभे. तेव्हा जी मुलगी लग्न होऊन आल्यापासून रॉकेलच्या वासाने नाकाला पदर लावते आहे, ती सूनबाई पुढे आली. "सरका दोघंही," म्हणाली आणि पंप मारायला लागली. काडेपेटी कुठेतरी हरवली होती. तीही तिनेच शोधून दिली.

बत्ती आधी भकभकली, मग सूं करत स्थिर झाली.

मी समोर बघितलं तर नुसतं धुकं. मग मान थोडी वळवली, सुनेकडे बघितल्यासारखं केलं, आणि डोळ्याच्या कडेने बत्ती दिसली. सगळी दिसली. बसकं पोट, मधलं कडं, पांढरंशुभ्र मेंटल आणि वर ती टोपी, जिच्यासाठी मी इतकी वर्षं जीव टाकला. ह्यांनी बघायला हवी होती.

"आई, रडताय?" सूनबाईने विचारलं.

"रॉकेलचा वास गं," मी म्हटलं.

खोटं बोलले. मी आनंदाने रडले, हे इथे नोंदवून ठेवते.

सबब, कलम ५ रद्द समजावं. त्याजागी पुढीलप्रमाणे.

कलम ५ (नवे). पितळी टाकी माझ्यामागे सूनबाईची. मधलं कडं कोणाचंच नाही, ते कोणी काढू नये. वरचा भाग घड्याळजींचाच आहे. "दर वेळी ने-आण कोण करणार" असं म्हणून ते तो इथेच ठेवून गेले आहेत, यावरून तो आमचा झाला असं कोणी समजू नये.

टाकीसोबत एक काम येतं. घड्याळजी येत राहतील तोवर दर रविवारी ही बत्ती पेटवावी आणि त्यांना चहा द्यावा, साखर बेताची. ते चपला घालायला लागले की सूनबाईने दारापर्यंत जावं. ते विचारतील, "टाकी देता का?" तेव्हा ठणकावून "नाही" म्हणावं. दया दाखवू नये, म्हातारा झाला म्हणून विरघळू नये. आणि उलट न चुकता विचारावं, "टोपी देता का?" ते विसरले तर आपण आधी विचारावं. मी नसताना पहिल्या रविवारी तर नक्की.

हे मी सूनबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणि त्यांनी खरंच टोपी दिली तर?" मी म्हटलं, "घेऊ नकोस. पुढच्या रविवारी काय विचारशील?"

आता खरोखर संपलं. काडेपेटी शोधणारा नवरा, भांडणारा मुलगा, "ना जरा" म्हणणारी सून, मांडीवर काच धरणाऱ्या मैत्रिणी, आणि दर रविवारी न चुकता नकार घ्यायला येणारा माणूस, एवढं मला मिळालं. याउपर माझं कोणाकडे काही मागणं नाही. मी जे दिलं ते थोडं आहे, घेतलं ते जास्त आहे. वारसांनी हिशेब तसाच राहू द्यावा.

स्थळ: आमच्या घरची मधली खोली, पेटत्या बत्तीशेजारी.
तारीख: वकीलबाई घालेल. वार रविवार.

लिहून देणार: (सही) सिस्टर. सही ओळीच्या खाली गेली आहे, चालवून घ्यावी.

साक्षीदार: (सही) कंपाउंडर. "मजकूर वाचलेला नाही. चहा दोन्ही रविवारी घेतला."

साक्षीदार: (सही) घड्याळजी. "मजकूर भिंग लावून वाचला. सगळा मान्य. टोपी देत नाही."